इस्लामचा आरंभकाळ शिकवायचा तर साडेपाच मीटरची कालपट्टी करा

कोल्हापुरातल्या मुलांना मोहरम नवा नसतो. पंजे, खत्तल रात्र, ताबूत त्यांनी पाहिलेले असतात. घोळ असतो तो काळाचा: करबलाची लढाई, जिच्यात पैगंबरांचे नातू हुसेन मारले गेले, ती पैगंबरांच्या हयातीतच झाली असं बरीच मुलं धरून चालतात. मुहम्मद पैगंबरांचं निधन ६३२ मधलं आणि करबला ६८० मधली, म्हणजे मध्ये ४८ वर्षं गेली. सनावळी पाठ करून घेतली तरी हे अंतर डोक्यात बसत नाही. ते भिंतीवर दिसावं लागतं.

प्रमाण ठेवा एका वर्षाला ५ सेंटीमीटर. ५७० ते ६८० ही ११० वर्षं, म्हणजे ५५० सेंटीमीटर. ५६ × ७१ सेंटीमीटरचे दोन कार्डशीट घ्या आणि प्रत्येकाच्या १४ सेंटीमीटर रुंदीच्या चार उभ्या पट्ट्या कापा. आठही पट्ट्या २ सेंटीमीटर एकमेकींवर चढवून चिकटवल्या की ५५४ सेंटीमीटर भरतात. दोन्ही टोकांना २ सेंटीमीटर सोडा आणि मोजायला ५७० पासून सुरुवात करा. मग ६१० येतं २०० वर, ६२२ येतं २६० वर, ६३२ येतं ३१० वर, ६६१ येतं ४५५ वर आणि ६८० शेवटी.

पहिले दोन मीटर जवळजवळ मोकळे राहतात. शिक्षकांचा हात इथेच शिवशिवतो आणि ते पट्टी आखडतात. तसं करू नका, प्रमाण मोडलं की सगळी मेहनत वाया. त्या जागेत मक्केचा व्यापार, काबा आणि पैगंबरांची कुरैश टोळी यांची कार्डं लावा. वरच्या कडेने १६० पासून २९० पर्यंत लाल पट्टा काढा: बायझंटाइन (पूर्व रोमन) आणि सासानी (इराणी) साम्राज्यांचं ६०२ ते ६२८ चं युद्ध. ‘अरबांनी एवढे मोठे प्रदेश इतक्या लवकर कसे जिंकले?’ हा प्रश्न वर्गात येतोच. तेव्हा या लाल पट्ट्याकडे बोट दाखवा, दोन्ही साम्राज्यं थकलेली होती हे मोठं कारण होतं.

जन्माचं ५७० हे साल पारंपरिक आहे, ते पेन्सिलने लिहा. ६१० मध्ये हिरा गुहेतला पहिला संदेश, ६१५ च्या सुमारास काही अनुयायांचं अबिसीनियाला (आजचा इथिओपिया) स्थलांतर, ६१९ मध्ये पत्नी खदीजा आणि चुलते अबू तालिब यांचं निधन, ६२२ मध्ये हिजरत, म्हणजे मक्केहून मदिनेला स्थलांतर. हिजरतीच्या आधीची ही तीन वर्षं घाईत उरकली तर मक्का का सोडावी लागली हे मुलांना कळत नाही. टोळीतला आधार गेला होता, हे आधी सांगा. मदिना मक्केच्या उत्तरेला आहे, आणि रस्त्याने अंतर कोल्हापूर-मुंबईपेक्षा थोडं जास्तच.

पुढची दहा वर्षं ५० सेंटीमीटरमध्ये बसतात आणि गर्दी होते: बद्रची लढाई ६२४, उहुदची ६२५, खंदकाची ६२७, हुदैबियाचा तह ६२८, मक्केवर ताबा ६३०. ही कार्डं पट्टीवर चिकटवू नका. लहान-मोठ्या दोऱ्यांनी खाली दोन ओळींत टांगा. पैगंबर किंवा त्यांच्या सहकाऱ्यांची चित्रं लावायची नाहीत, नकाशे आणि सुलेखन पुरतं.

६३२ नंतर पहिल्या चार खलिफांना, म्हणजे पैगंबरांनंतरच्या नेत्यांना, अबू बकर (६३२–६३४), उमर (६३४–६४४), उस्मान (६४४–६५६), अली (६५६–६६१) असे चार रंग द्या. वारसा कोणाचा यावर सुन्नी आणि शिया परंपरांचं मत वेगळं आहे. तिथे दोन कार्डं शेजारी शेजारी लावा, निवाडा देऊ नका. वर्गातल्या मुस्लिम मुलांना ‘तू सांग’ म्हणून उभंही करू नका. घरच्या धर्माचा जबाब देणं हे त्यांचं काम नाही.

हिजरतीपासून मोजल्या जाणाऱ्या हिजरी सनाला एक अख्खी तासिका द्या. करबला १० मोहरम ६१ हिजरीची. मुलं ६२२ मध्ये ६१ मिळवून ६८३ काढतात. हिजरी वर्ष ३५४-३५५ दिवसांचं असल्याने सरलेली ६० चांद्रवर्षं सौर हिशेबात सुमारे ५८ वर्षं होतात, म्हणून उत्तर ६८० येतं. ही मोजणी खलिफा उमर यांच्या काळात सुरू झाली आणि पहिल्या वर्षाचा आरंभ जुलै ६२२ मध्ये धरला. खुद्द हिजरत सप्टेंबरमधली आहे, दोन्ही एकाच दिवशी दाखवू नका. मोडी कागदांतला शुहूर सन हा आणखी वेगळा आहे, त्यात ५९९ किंवा ६०० मिळवतात. तो इथे काढू नका, गोंधळ वाढतो.

चाचणीसाठी पट्टी उतरवा, कार्डं पिसा आणि गटांना फक्त रिकामी पट्टी द्या. उस्मानांच्या काळात, ६५० च्या सुमारास, कुरआनच्या प्रमाण प्रती तयार झाल्या. ते कार्ड मुलं हमखास पैगंबरांच्या हयातीत लावतात, म्हणून ते मुद्दाम सगळ्यात वर ठेवा. वेळ उरला तर दोरी घेऊन मैदानावर जा: याच प्रमाणात १६७४ चा राज्याभिषेक ५७० पासून ५५ मीटरवर येतो.