बर्फाची लादी विरघळेपर्यंत ढकलायची: सांगलीत हे काम कसं करायचं

आधी फ्रान्सिस अलीस या कलाकाराचा पाचेक मिनिटांचा व्हिडिओ बघा, त्याच्या वेबसाइटवर फुकट आहे, नाव 'पॅराडॉक्स ऑफ प्रॅक्सिस 1'. माणूस मूळचा बेल्जियमचा, शिकलेला आर्किटेक्चर, 1986 पासून मेक्सिको सिटीत. 1997 ला यानं तिथल्या रस्त्यांवरनं बर्फाचा मोठा ठोकळा नऊ तासांपेक्षा जास्त वेळ ढकलत नेला, पार संपेपर्यंत. सुरुवातीला कमरेत वाकून दोन्ही हातांनी जोर लावतोय, शेवटी बारका खडा पायानं उडवत चाललाय आणि मग नुसतं पाणी. यात शिल्प कुठलं, परफॉर्मन्स (म्हणजे कलाकारानं स्वतः करून दाखवलेली कृती) कुठला, व्हिडिओ कुठला हे वेगळं काढताच येत नाही, मला तेच लय भारी वाटतं.

आता आपलं. लादी कुठनं आणायची ते रसवंतीवाल्याला विचारा, त्याला सगळं माहीत असतंय. पहिल्याच वेळी अख्खी घेऊ नका, पाव लादी बास, आणि जागेवर पोचेपर्यंत ओलं पोतं गुंडाळून ठेवा. हातमोजे घाला नायतर दहा मिनिटांत बोटं बधिर होतात. गणपती पेठेत भर बाजारात नको, तिथं हमाल आणि टेम्पोवाले पोटासाठी राबतायत, त्यांच्या आडवं यायचं नाही. हरिपूर रोडच्या बाजूला सकाळी लवकर, कडेकडेनं.

सांगली म्हणजे नाट्यपंढरी, 1843 ला विष्णुदास भाव्यांचं सीतास्वयंवर इथंच झालं, त्यामुळं कॅमेरा दिसला की आपल्या अंगात लगेच नट येतो, दमल्यासारखं तोंड करतो. तो इथं येऊ द्यायचा नाही. फक्त ढकलायचं, दम लागला तर खरंच थांबायचं. कोणी विचारलं काय चाललंय पाव्हणं, तर सरळ सांगा, विरघळेपर्यंत ढकलणार आहे. पोरं मागनं येतील, येऊ द्या.

शिल्पाचं म्हणाल तर दर अर्ध्या तासानं लादी उलटी करून बूड बघाच. बारीक खडी, चिंचेचं टरफल, गुटख्याच्या पुडीचा चकाकणारा तुकडा, सगळं बर्फात रुतलेलं असतंय आणि कडा गोल होऊन साबणाच्या वडीगत दिसायला लागतात. 1960 च्या दशकात डोनाल्ड जड, रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन कलाकारांनी गुळगुळीत साधे ठोकळे शिल्प म्हणून मांडले होते, त्यांचे आकार ठरलेले, आपल्या ठोकळ्याला आकार रस्ता देतो. या बुडाचा जवळनं फोटो नाही काढला तर अर्धं काम गेलं समजा.

शूटिंगसाठी एक मित्र पाहिजेच. मोबाइल आडवा धरा, मागं मागं पळत शूट करण्यापेक्षा कॅमेरा एका जागी ठेवा आणि लादी फ्रेममधनं जाऊ द्या, एखादा शॉट अगदी जमिनीलगत. डांबरावर घासण्याचा खर्र आवाज फार महत्त्वाचा आहे, त्यावर गाणं टाकू नका. आणि मोबाइलची मेमरी आधीच मोकळी करा, आमची लादी नारळाएवढी उरली असताना ती भरली आणि शेवटचा तुकडा कुठंच रेकॉर्ड झाला नाही, आजही वाईट वाटतं. एडिटिंग करताना पाच मिनिटांच्या पुढं जाऊ नका, पण सुरुवातीचे आणि शेवटचे शॉट घाईत कापू नका.

बर्फ संपला म्हणून लगेच स्टॉप दाबायचं नाही, रस्त्यावरचा ओला डाग वाळेपर्यंत कॅमेरा चालू ठेवा, आपल्या उन्हात फार वेळ लागत नाही.