मेक्सिको सिटीत घर लावताना: सुरुवात गच्चीपासून

मेक्सिको सिटीत भाड्याचं घर बघायला गेलं की नजर आधी खोल्या, खिडक्या, ओटा यांच्याकडे जाते. त्याआधी गच्चीवर जा. गच्चीला इथे आसोतेआ म्हणतात. जुन्या आणि मध्यम उंचीच्या इमारतींत पाण्याची टाकी, गॅसची टाकी, बऱ्याचदा बॉयलर आणि कपडे वाळत घालायचे जाळीचे पिंजरे असं सगळं तिथेच असतं. त्यातलं तुमच्या घराचं काय आणि सामाईक काय, कुठली चावी कशाची, हे घरमालकाला किंवा इमारतीच्या पोर्तेरोला, म्हणजे राखणदाराला, पहिल्याच दिवशी दाखवायला सांगा. नळ कोरडा पडतो किंवा गॅस संपतो तो नेमका रविवारी रात्री, आणि तेव्हा गच्चीची चावी कोणाकडे आहे हेच माहीत नसतं.

पाणी

पाण्याची रचना आपल्याकडच्या सोसायटीसारखीच आहे. रस्त्यावरची लाइन जमिनीखालच्या हौदात, म्हणजे सिस्तेर्नात, येते. तिथून पंपाने पाणी गच्चीवरच्या तिनाकोत चढतं आणि तिनाकोतून उताराने नळाला येतं. काही वस्त्यांना पाणी ठरावीक वारीच मिळतं, त्याला तांदेओ म्हणतात. घर ठरवण्याआधी शेजाऱ्यांना विचारा की पाणी रोज येतं का, आणि उन्हाळ्यात, म्हणजे मार्च ते मे, पिपा मागवावा लागतो का. पिपा म्हणजे टँकर.

पंप गुणगुणतोय पण पाणी चढत नाही, ही नेहमीची तक्रार. अशा वेळी बहुधा पंप जळालेला नसतो, त्याच्यात हवा भरलेली असते. आधी वीज बंद करा. पंपाच्या डोक्यावरचं बूच उघडून काठोकाठ पाणी ओता, बूच घट्ट लावा, मग पंप सुरू करा. दोन दिवसांनी पुन्हा तेच झालं तर बहुधा हौदातला फूट व्हॉल्व्ह गळतोय. त्याला पिचांचा म्हणतात आणि तो बदलणं हाच उपाय. रोज बूच उघडून पाणी ओतत बसलात तर एक दिवस पंप कोरडा चालून खरोखर जळेल. हौद आणि टाकी दर सहा महिन्यांनी धुवून घ्या.

नळाचं पाणी पिऊ नका. पिण्यासाठी २० लिटरचे गार्राफोन मिळतात. पहिल्या वेळी बाटलीचे पैसे वेगळे द्यावे लागतात, पुढे रिकामी देऊन भरलेली घ्यायची. झाकणावरचं सील शाबूत आहे का ते बघून घ्या. चौघांच्या घरात दोन गार्राफोन फिरते ठेवले की अडत नाही. डाळ-तांदूळ धुवायला नळाचं पाणी चालतं. कच्ची खायची कोथिंबीर, काकडी, टोमॅटो मात्र सुपरमार्केटच्या भाजी विभागात मिळणाऱ्या जंतुनाशक थेंबांच्या पाण्यात बुडवून ठेवा. लिटरला किती थेंब आणि किती मिनिटं हे बाटलीवर छापलेलं असतं, तेच पाळा.

नळावरच्या अक्षरांनी नवखा माणूस हमखास फसतो. सी म्हणजे कालिएन्ते, गरम. एफ म्हणजे फ्रिआ, थंड. लहान मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा.

गॅस आणि बॉयलर

काही भागांत पाइपचा गॅस आहे. बाकी घरांत सिलिंडर असतो किंवा गच्चीवर कायमची टाकी, म्हणजे तांके एस्तासिओनारिओ.

सिलिंडर बहुधा २० किंवा ३० किलोचा असतो. तो स्वयंपाकघरात ठेवायचा नाही. त्याची जागा गच्चीवर किंवा मागच्या उघड्या चौकात, सोतेउएलात. आपल्याकडचा रेग्युलेटर खटकन बसतो, तसं इथे नाही. पितळी टोक पान्याने आवळावं लागतं आणि त्याचे आटे उलटे असतात, डावीकडे फिरवलं की घट्ट होतं. सवयीने उजवीकडे जोर लावणाऱ्याच्या हातून गॅस सुटतो. जोडून झाल्यावर साबणाचा फेस लावा. बुडबुडे आले तर वापरू नका, पुन्हा आवळा.

गच्चीवरची टाकी भरायला गॅसचा टँकर येतो. टाकीवर टक्क्यांचा काटा असतो. २० टक्क्यांवर आला की फोन करा, आणि ८०-८५ टक्क्यांच्या वर भरू देऊ नका, कारण गॅसला फुगायला जागा लागते. भरताना कोणीतरी वर उभं राहिलंच पाहिजे. सुरुवातीला टँकरचा मीटर शून्यावर आहे का ते बघा, काट्याचा आकडा लिहून घ्या आणि शेवटी हिशोब करा. ३०० लिटरची टाकी २५ वरून ८० टक्क्यांवर गेली तर ५५ टक्के भरली, म्हणजे १६५ लिटर. पावतीवर दोनशे असेल तर तिथल्या तिथे काट्याकडे बोट दाखवा. काटा थोडा मागेपुढे दाखवतो, पण एवढा नाही. लिटरचा आणि किलोचा कमाल दर सरकार दर आठवड्याला जाहीर करतं, तो त्या सकाळी बघून ठेवा. एक लिटर म्हणजे अर्ध्या किलोहून थोडा जास्त गॅस. म्हणजे १६५ लिटरमध्ये आपल्या १४.२ किलोच्या घरगुती सिलिंडरसारखे सहा बसतात.

यातला मोठा वाटा बॉयलर खातो, शेगडी नव्हे. साठवणीच्या बॉयलरमध्ये पिलोतो, म्हणजे छोटी ज्योत, सतत जळते. ती विझली तर बटण पिलोतोवर आणा, दाबून धरा, पेटवा आणि पेटल्यावरही मिनिटभर दाबूनच ठेवा. लोक पाच सेकंदांत सोडतात आणि बॉयलर बिघडला म्हणतात. ज्योतीजवळची तापमानाची कांडी गरम झाल्याशिवाय गॅस चालू राहत नाही, एवढंच कारण असतं. मिनिटभर धरूनही विझली तर कांडीवर काजळी बसली आहे किंवा ती सैल झाली आहे. पाणी जड असेल तर तळाशी क्षार साचतात. सहा महिन्यांनी बॉयलर बंद करून, पाणी निवल्यावर, खालच्या तोटीतून बादलीभर काढून टाका.

लगेच तापणारा छोटा बॉयलर घ्यायचा असेल तर आधी दाब मोजा. तिनाकोची उंची दर मीटरला चौरस सेंटिमीटरमागे ०.१ किलो दाब देते. शॉवरच्या दोन मीटर वर टाकी असेल तर दाब ०.२, आणि अनेक मॉडेल त्यावर पेटतच नाहीत. एकतर कमी दाबावर चालणारं मॉडेल घ्या किंवा प्रेशर पंप बसवा.

वीज

इथे वीज १२७ व्होल्ट, ६० हर्ट्झ आणि सॉकेट चपट्या दोन पिनांचं. फोन-लॅपटॉपचे चार्जर पिन बदलली की चालतात. भारतातली किटली, इस्त्री, गीझर आणू नका. व्होल्टेज निम्म्याजवळ आलं की उष्णता साधारण ३० टक्क्यांवर येते, १५०० वॅटची किटली जेमतेम साडेचारशेची होते. मिक्सरची मोटर ब्रशची असल्याने ६० हर्ट्झची अडचण नाही, पण व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर हवा. ७५० वॅटच्या मिक्सरला १५०० वॅटचा घ्या, कारण मोटर सुरू होताना झटका मोठा असतो. सुकी चटणी, मसाले, ओलं खोबरं रोज वाटणाऱ्या घराला हा खर्च परवडतो. नुसती हिरवी चटणी आणि ताक असेल तर इथली काचेची लिकुआदोरा, म्हणजे ब्लेंडर, पुरते. बाजारात मोलकाहेते नावाचा काळ्या दगडाचा, तीन पायांचा खलही मिळतो. नवीन असताना त्यात कच्चे तांदूळ वाटा. पीठ राखाडी निघायचं थांबेपर्यंत तीन-चार वेळा हे करा, नाहीतर चटणीत कचकच येते.

सीएफई या सरकारी वीज कंपनीचं बिल दोन महिन्यांनी येतं. मेक्सिको सिटीत घरगुती दर टप्प्यांचा आहे: दोन महिन्यांच्या पहिल्या १५० युनिटना सर्वांत स्वस्त, पुढच्या १३० ना मधला, त्यावर महाग. बारा महिन्यांची सरासरी महिन्याला २५० युनिटच्या वर गेली की सवलत पूर्ण जाते आणि दाक नावाचा जास्तीचा दर लागू होतो. ही सरासरी मीटरची असते, माणसाची नव्हे. आधीच्या भाडेकरूने भरमसाट वीज जाळली असेल तर तुमचं पहिलं बिलही दाकचंच येईल. म्हणून करार करण्याआधी शेवटचं बिल मागा आणि त्यावरचा मागच्या वर्षाचा वापर वाचा. बिल जपून ठेवा, बँकेपासून शाळेपर्यंत पत्त्याचा पुरावा म्हणून तेच मागतात. पैसे ओक्सोच्या दुकानात भरता येतात.

उंचीवरचा स्वयंपाक

शहर समुद्रसपाटीपासून २२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरहून बरंच उंच. पाणी ९२-९३ अंशांनाच उकळतं. उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही, कडधान्यं तासन् तास घेतात, भाताला वेळ आणि पाणी दोन्ही जास्त लागतं. शेजारच्या मोरेलोस राज्यातला तांदूळ तर दाण्याने टपोरा आहे, त्याला आणखी थोडं पाणी ठेवा. कुकरमध्येही आतलं तापमान पुण्यापेक्षा तीनेक अंश कमी राहतं. पुण्यात तीन शिट्ट्यांत होणाऱ्या तुरीला इथे पाच लागतील असं धरून चाला. शिट्टीचा कुकर भारतातून आणा आणि सोबत दोन रबरी रिंगा व दोन सेफ्टी व्हॉल्व्ह. थंडीच्या दिवसांत घरात हीटर नसतात. इडलीचं पीठ आणि विरजण बंद ओव्हनमध्ये, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवून लावा. विरजणाला साखर नसलेलं योगुर नातुराल घ्या.

भाजी सुपरमार्केटपेक्षा आठवडी बाजारात, तियांगिसात, घ्या. मराठी घराला तिथे फारसं परकं वाटत नाही. वेर्दोलागास म्हणजे घोळ, कामोते म्हणजे रताळी, हामाइका म्हणजे लाल अंबाडीच्या बोंडांच्या सुक्या पाकळ्या, आमारान्तो म्हणजे राजगिरा आणि त्याच्या गुळपाकातल्या वड्यांना आलेग्रिआ म्हणतात. पिलोन्सिओ हा उसाचा गूळ सुळक्याच्या आकारात येतो. चिंच, कोथिंबीर, जिरे, शेंगदाणे सगळीकडे आहेत. साबुदाण्याच्या जागी तापिओकाचे दाणे चालतात, पण मोठे दाणे खिचडीला नकोत. तूर दुर्मीळ. वरणाला पिवळा फुटका वाटाणा किंवा लेंतेखा, म्हणजे मसूर. हिंग, गोडा मसाला, मेथी दाणे सामानातच आणा. पाकीटबंद आणा, आणि ताजा कढीपत्ता, फळं किंवा पेरायचं बियाणं बिलकूल नको, विमानतळावर कृषी तपासणी असते. साधी आरिना दे त्रिगो म्हणजे मैदा. पोळीसाठी इंतेग्राल, म्हणजे कोंड्यासकटचं पीठ, घ्या, कोंडा जाड वाटला तर चाळा.

शाकाहारी घरांनी दोन शब्द पाठ करावेत. मांतेकिया म्हणजे लोणी, मांतेका म्हणजे डुकराची चरबी. खानावळीतला राजमा, तामाल (मक्याच्या पिठाचा उकडलेला पदार्थ) आणि कधी कधी गव्हाची तोर्तिया यांत मांतेका असते, आणि लाल भात बऱ्याचदा कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असतो. "येवा मांतेका?" असं विचारा, आणि भातासाठी "काल्दो दे पोयो?" नुसतं "मांस आहे का" विचारलं तर प्रामाणिक उत्तर "नाही" येतं.

रस्त्यावरचे आवाज

कचरागाडीच्या पुढे माणूस हातातली घंटा वाजवत जातो. घंटा ऐकली की कचरा स्वतः खाली न्यायचा. ओला आणि सुका वेगळा, आणि कुठल्या वारी कुठला हे शेजाऱ्यांकडून कळतं. हातावर काही नाणी ठेवण्याची रीत आहे. "गास!" ही आरोळी सिलिंडरवाल्याची, बासरीसारखी शिट्टी सुऱ्यांना धार लावणाऱ्याची, आणि संध्याकाळची लांबलचक वाफेची शिट्टी भाजलेल्या रताळ्यांच्या गाडीची. २०२० पासून शहरात एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या पिशव्या देण्यावर बंदी आहे, कापडी पिशवी दाराशीच टांगा. दुकानात, लिफ्टमध्ये, पोर्तेरोसमोर आधी "बुएनोस दिआस" म्हणा, मग काम सांगा. थेट काम सांगणं इथे उद्धट वाटतं.

जुन्या इमारतींत संडासात कागद टाकायचा नसतो, शेजारी झाकणाची टोपली असते. पाइप अरुंद असतात आणि तुंबतात.

घरकामाला बाई ठेवणार असाल तर पगार, वार आणि सुट्ट्या लेखी ठरवा. सामाजिक विमा संस्थेकडे, इम्सकडे, नोंदणी कायद्याने बंधनकारक आहे, आठवड्यातून एक-दोन दिवस येणाऱ्या बाईंचीही. वर्षभर काम केलेल्या बाईंना २० डिसेंबरच्या आत किमान १५ दिवसांच्या पगाराएवढा आगिनाल्दो, म्हणजे बोनस, द्यावा लागतो. तो त्यांचा हक्क आहे.

भूकंपाचा भोंगा रस्त्यावरच्या खांबांवरून वाजतो. किनाऱ्यावरचा भूकंप असेल तर साधारण मिनिटभराचा अवधी मिळतो, जवळचा असेल तर मिळेलच असं नाही. १९८५ आणि २०१७ चे मोठे भूकंप दोन्ही १९ सप्टेंबरचे, त्या तारखेला सराव असतो, त्यात भाग घ्या. घरातून बाहेर पडायचं की खांबाजवळच्या सुरक्षित जागी थांबायचं हे मजल्यावर अवलंबून आहे, इमारतीच्या समितीला विचारून आधीच ठरवा. पारपत्र, औषधं, चपला आणि टॉर्च दाराजवळच्या पिशवीत ठेवा. हादरे थांबल्यावर शेगडी किंवा दिवा लावण्याआधी गच्चीवरच्या टाकीची मुख्य तोटी बंद करा. ती कुठे आहे आणि कुठल्या दिशेने फिरते, हे घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाने एकदा हाताने फिरवून बघितलेलं असावं.