देणगीचे बटण कुठे आणि कसे असावे

बडोद्यातील एखाद्या मराठी संस्थेने, मग ती दांडिया बाजारातील असो वा रावपुऱ्यातील, संकेतस्थळ तयार करताना कार्यकारिणीची छायाचित्रे खुशाल मागच्या पानावर टाकावीत आणि पहिल्याच पडद्यावर एक नेमकी मागणी ठेवावी. ‘आम्हांला सहकार्य करा’ असे मोघम लिहिण्यापेक्षा ‘एका विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या वह्यांचा खर्च उचला’ असे लिहून त्यापुढे खरी रक्कम द्यावी. देणगीचे बटण त्याच वाक्याखाली हवे.

बहुतेक लोक संकेतस्थळ मोबाईलवरच उघडतात, आणि ज्या मोबाईलवर क्यूआर कोड दिसतो त्याच मोबाईलच्या कॅमेऱ्याने तो टिपता येत नाही, ही साधी गोष्ट हमखास विसरली जाते. म्हणून कोडाशेजारी यूपीआय आयडी सहज कॉपी करता येईल असा द्यावा. संस्थेला ८०-जी मान्यता, म्हणजे देणगीदाराला आयकरात सवलत मिळवून देणारी मान्यता, असल्यास तसे लिहावे, आणि २,००० रुपयांपेक्षा अधिक रोख देणगीवर ही करसवलत मिळत नाही, हेही तेथेच सांगावे.

बडोद्याची अनेक मुले परदेशी स्थायिक असल्याने आणखी एक खबरदारी आवश्यक आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी विदेशी अंशदान, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने परदेशी देणगी, ठरत नाही. परंतु परकीय नागरिकत्व घेतलेल्याची देणगी, तो मूळचा बडोद्याचा असला तरी, एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायद्याखालील, नोंदणी वा पूर्वपरवानगीशिवाय स्वीकारता येत नाही. तेव्हा पैसे भरण्याआधीच नागरिकत्व विचारणारा रकाना ठेवावा.