पालींच्या घराण्यात: उत्क्रांतीचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

बीएस्सीला प्राणिशास्त्र घेतलं तेव्हा उत्क्रांती म्हणजे आमच्यासाठी परीक्षेतली एक टीप होती. लामार्कचा जिराफ, डार्विनच्या फिंच, संपलं. विषय खरा उमगला तो नंतर, रत्नागिरीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, दगड उलथून पाली शोधताना. आणि त्याहून जास्त, लॅबमध्ये एका चुकीपाशी चार दिवस अडकल्यावर.

घरातल्या भिंतीवरची पाल हेमिडॅक्टिलस या प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या एका गटातली. जगभरात या प्रजातीच्या 150 हून अधिक जाती आहेत. सड्यावर दगडाखाली राहणारी हेमिडॅक्टिलस अल्बोफॅसिएटस त्यांतलीच एक. तिला शास्त्रीय नाव मिळालं 1963 मध्ये. तिचं सगळं आयुष्य जमिनीवर जातं. तिची बोटं भिंगाखाली पाहा. भिंतीवरची पाल ज्यांच्या जोरावर छतापर्यंत जाते, त्या बोटांखालच्या पट्ट्या हिच्यातही आहेत, पण कमी झालेल्या. नवीन काही घडवलेलं नाही, वारशात आलेलंच बदललं आहे. हे पुस्तकात दहादा वाचलं होतं. त्या दिवशी दिसलं.

लॅबमध्ये पहिल्यांदा 16एस हे जनुक वाचायला शिकवतात. त्यासाठी पीसीआरमध्ये, म्हणजे डीएनएच्या एका तुकड्याच्या असंख्य प्रती काढणाऱ्या प्रक्रियेत, प्रायमरची जोडी टाकावी लागते. प्रायमर म्हणजे त्या तुकड्याच्या टोकांना चिकटणारे डीएनएचे छोटे धागे. मला थक्क केलं ते या जोडीने: हीच बेडकाला चालते, पालीला चालते आणि खेकड्यालाही. प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा हा भाग असा आहे की काही ठिकाणी डीएनएचं एक अक्षर बदललं तरी काम बिघडतं, म्हणून पूर्वजांपासून तो मजकूर जवळजवळ जसाच्या तसा उतरत आला. प्रायमर बसतो तिथेच. मधल्या भागातली अक्षरं मात्र बदलत गेली, आणि त्या फरकांवरून नाती लावता येतात. एकता आणि विविधता, दोन्ही साधारण 550 अक्षरांच्या एका तुकड्यात!

आता ती चूक. पालींच्या कामात एनडी2 हे मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या भागातलं, जनुक फार वापरतात. त्याचं प्रथिनात भाषांतर केलं तर माझ्या प्रत्येक नमुन्यात मध्येच ‘थांबा’ची खूण येत होती. नमुने खराब झाले असं धरून मी पीसीआर पुन्हा पुन्हा लावत राहिले. शेवटी एका सीनियर ताईने स्क्रीनकडे बघून विचारलं, “तक्ता कुठला निवडलायस?” हा तक्ता सांगतो की डीएनएच्या कोणत्या तीन अक्षरांचा अर्थ काय. नेहमीच्या तक्त्यात टीजीए म्हणजे थांबा, पृष्ठवंशीयांच्या मायटोकाँड्रियात तेच ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. सॉफ्टवेअरमध्ये तो तक्ता निवडला आणि सगळं सुरळीत झालं. त्या रात्री झोप लागली नाही. जिवाणूपासून माणसापर्यंत जवळपास सगळीकडे एकच लिपी, आणि तिच्यातला हा अपवादसुद्धा पाल, मासा, माणूस सगळ्यांकडे सारखाच. घराण्यातली लकबही वारशाने आलेली!

वंशवृक्ष, म्हणजे जातींची नाती दाखवणारी फांद्यांची आकृती, वाचताना एक सांभाळा. टोकांवरच्या जाती डावीकडून उजवीकडे शिडीसारख्या वाचू नका. सड्यावरची पाल भिंतीवरच्या पालीपासून झालेली नाही. दोघी आज जगणाऱ्या चुलत बहिणी आहेत. नातं बघायचं ते फांद्या जुळतात त्या गाठीपाशी.

सुरुवातीला महागडं काही लागत नाही. जेनबँक या सार्वजनिक संग्रहातले डीएनएचे क्रम कुणालाही फुकट उतरवता येतात, वंशवृक्ष काढणारं मेगा हे सॉफ्टवेअरही फुकट आहे. घरी बसून 10 पालींचा वृक्ष काढून बघा. बारावीनंतर गणित सोडलं असेल तर संख्याशास्त्र आत्ताच हाती घ्या. माझं सर्वांत मोठं नुकसान तिथे झालं. पुढे बंगळुरूला आयआयएस्सी आणि एनसीबीएस, पुण्याला आयसर या संशोधन संस्थांत उत्क्रांतीवर काम करणारे गट आहेत. अर्ज करण्याआधी तिथल्या लोकांचे शोधनिबंध वाचा आणि पत्रात त्यांतला तुम्हाला पडलेला एखादा नेमका प्रश्न विचारा.

नमुने गोळा करायचे असतील तर वनविभागाची परवानगी आधी, आणि त्यासाठी महिने हाताशी ठेवा. नुसतं बघायला सड्यावर गेलात तरी उलथलेला दगड होता तसाच परत ठेवायचा. खाली अंडी असतात.