निर्गुडी: बांधाला कुंपण, टोपलीला काडी

बांधावर निर्गुडी बहुतेक ठिकाणी असते, पण तिची काडी टोपलीला चालत नाही, कारण ती वर्षानुवर्षे तोडलेली नसते. विणायला लागते ती एका वर्षाची, सरळ, फाटे न फुटलेली काडी. त्यासाठी झाडे दाट लावायची आणि दरवर्षी बुडातून तोडायची. गुरे, शेळ्या पाल्याला सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून त्याच पट्ट्याचे कुंपणही होते. बारमाही ओढ्याकाठी, सतत ओल असेल तिथे मात्र वाळुंज (ओलीत वाढणारे, लवचिक काड्यांचे झाड) लावलेले बरे.

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस होऊन जमीन वीतभर ओली झाली की लागवड करा. गेल्या वर्षीच्या, पेन्सिलीपेक्षा थोड्या जाड फांद्यांचे 20 ते 25 सेंमीचे तुकडे घ्या. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली तिरका, वरचा सरळ. म्हणजे कांडी उलटी लागत नाही. तोडलेल्या कांड्या ओल्या गोणपाटात ठेवा आणि त्याच दिवशी लावा. दोन तृतीयांश भाग जमिनीत घालून माती पायाने घट्ट दाबा. आत पोकळी राहिली की वर पालवी दिसते, पण मुळी धरत नाही आणि उघडीप पडताच कांडी वाळते. भारी काळ्या रानात पाणी साचून कांडी कुजते, तिथे वरंब्यावरच लावा.

दोन ओळींत 2 फूट, दोन कांड्यांत 1 फूट. 100 फूट बांधाला सुमारे 200 कांड्या लागतात. नांग्या, म्हणजे कांडी मेलेल्या रिकाम्या जागा, भरायला आणखी 40-50 कांड्या पिशव्यांत लावून ठेवा. पहिल्या पावसाळ्यात दोन खुरपण्या चुकवू नका.

पहिल्या वर्षीच्या काड्यांचा मोह नको. पौष-माघात आतली ओळ जमिनीपासून चार बोटे ठेवून धारदार कोयत्याने तिरकी तोडा. बाहेरची ओळ कंबरेएवढी राखा, नाहीतर ऐन हरभऱ्यात बांध उघडा पडेल. खुंटाला फुटलेले कोंब पावसावर सरळ वाढतात. पुढच्या पौषात त्याच खऱ्या कामाच्या काड्या.

काडी अंगठ्याभोवती वळवा. साल फाटली नाही तर ती विणण्याजोगी. हिरवे शेंडे काढून टाका. ते वाळून आकसतात आणि टोपली सैल पडते. पाला ओरबाडून जुड्या दोन दिवस सावलीत सुकू द्या, मग विणा. पूर्ण वाळल्या असतील तर रात्रभर पाण्यात भिजवा. साठवलेल्या जुडीतून पिठासारखा भुसा गळत असेल तर आत भुंगेरा आहे; ती जुडी लगेच बाजूला काढून जाळा.