छोट्या गॅरेजसाठी बदली गाडी कशी निवडावी

गिऱ्हाईक आपली गाडी कामाला टाकतं तेव्हा दराच्या आधी विचारतं, "भाऊ, चार दिवस मी काय करू?" बुटीबोरी किंवा मिहान या नागपूरजवळच्या औद्योगिक भागांत रोज ड्युटीवर जाणाऱ्याचा हा प्रश्न खरा आहे. तेवढ्या दिवसांसाठी गॅरेजने वापरायला दिलेली बदली गाडी हे त्याचं चांगलं उत्तर. पण तिची निवड घाईने करू नये.

आधी गरज तपासा

गेल्या सहा महिन्यांची जॉब कार्डं (प्रत्येक गाडीच्या कामाच्या नोंदी) काढून बसा आणि दोन रात्रींपेक्षा जास्त थांबलेल्या गाड्या वेगळ्या करा. डेंटिंग-पेंटिंग, इंजिनकाम, गिअरबॉक्स, पार्टची वाट पाहणं, बहुतेक याच निघतील. यातल्या प्रत्येकाला चारचाकी लागतेच असं नाही. सीताबर्डीला ऑफिस असलेल्याला मेट्रो स्टेशनवर सोडलं तरी भागतं. नागपुरात तर घरोघरी दुचाकी चालते, त्यामुळे एक चांगली स्कूटर आणि स्वच्छ हेल्मेट ठेवलं तर अर्धी मागणी तिथेच मिटते.

मग खर्च मांडा. समजा ३ लाखांची गाडी तीन वर्षांनी १ लाख ८० हजारांना गेली. म्हणजे वर्षाला ४०,००० नुसती किंमत उतरली. विमा, टायर, बॅटरी, सर्व्हिसिंगचे वर्षाला २०,००० धरले तर महिन्याला ५,००० झाले. महिन्याकाठी एखादंच गिऱ्हाईक गाडी मागत असेल तर गाडी घेऊ नका, त्याला ऑटोचं भाडं द्या.

गाडी बघण्याआधी विमा बघा

सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक नेमकी हीच सोडतात. खाजगी कारच्या नेहमीच्या पॉलिसीत वापराच्या मर्यादा दिलेल्या असतात. भाड्याने देणं, शर्यत लावणं वगैरे गोष्टी त्यात वगळलेल्या असतात, आणि त्याच यादीत मोटार व्यवसायाशी संबंधित वापरही असतो. गॅरेजने गिऱ्हाइकाला दिलेली गाडी यात येते का, हे विमा कंपनीला आधी लेखी विचारा आणि उत्तरही लेखीच घ्या. एजंटाच्या "होऊन जाते साहेब" वर जाऊ नका. अपघात झाल्यावर क्लेमच्या वेळी ते तोंडी उत्तर कामाला येत नाही.

दुसरं, सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा मालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतो. थर्ड पार्टीमध्ये, म्हणजे समोरच्याच्या नुकसानीच्या विम्यात, तर चालवणाऱ्याच्या स्वतःच्या दुखापतीचं काहीच नसतं. म्हणून दुसरा कोणी चालवत असताना त्याला आणि सोबतच्या प्रवाशांना कोणतं संरक्षण मिळेल ते विचारा आणि जोडून घ्या. हे पैसे वाचवू नका. आपल्या भरवशावर एखादं कुटुंब त्या गाडीत बसणार आहे.

तिसरं, पांढऱ्या नंबर प्लेटच्या, म्हणजे खाजगी, गाडीचं भाडं घेता येत नाही. बिलात "गाडी वापर ५०० रुपये" अशी ओळ टाकली की ती भाड्याची गाडी झाली, आणि त्यासाठी वेगळी नोंदणी आणि परवाना लागतो. गाडी फुकटच द्या, पेट्रोल ज्याचं त्याचं.

आता गाडी

तुमच्या गॅरेजमध्ये जी गाडी सर्वांत जास्त येते तीच घ्या. वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन यांचे पार्ट लगेच मिळतात आणि तुमच्या मिस्त्रीला त्यांचा आवाज ऐकूनच आजार कळतो. पेट्रोल आणि मॅन्युअल गिअर बरे. बीएस-६ डिझेल शहरात छोट्या छोट्या फेऱ्यांना वापरलं की धुराचा फिल्टर चोंदतो. लांबी कमी असावी, कारण महाल-इतवारीच्या गल्ल्यांत तीच गाडी न्यायची आहे.

एसीवर तडजोड नको. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. तपासायला दुपारीच जा, गाडी उन्हात उभी करून एसी लावा आणि वीस मिनिटं ट्रॅफिकमधून फिरवा. सिग्नलवर थांबल्यावर गार हवा कमी झाली किंवा तापमानाचा काटा वर सरकला, तर कंडेन्सर, पंखा आणि कूलंट बघितल्याशिवाय भाव बोलू नका.

नागपुरात जुनी गाडी घेताना आणखी एक गोष्ट बघावी लागते. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी वस्त्यांत शिरलं आणि कितीतरी गाड्या बुडाल्या. बुडालेली गाडी धुऊन-पुसून चकचकीत करता येते, म्हणून बाहेरच्या रंगावर जाऊ नका. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. आतल्या टोकाला मातकट पट्टा दिसला तर पाणी तिथपर्यंत चढलं होतं. सीटखालच्या रुळांवरचा गंज, कार्पेटखालचा वास, स्टेपनीच्या खड्ड्यातला गाळ बघा. फ्यूज बॉक्स उघडून टर्मिनलवर हिरवट थर आहे का तेही पाहा. यातलं काही सापडलं तर कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. अशी गाडी गिऱ्हाइकाला भर रस्त्यात बंद पडेल.

बिल न भरता कोणी सोडून गेलेली गाडी बदली म्हणून फिरवू नका. ती तुमची नाही.

कागदांत आरसी, कर्जाचा बोजा, थकलेले ई-चलान आणि पीयूसी बघा. आरसी नावावर करतानाच विमाही नावावर करून घ्या.

देताना आणि परत घेताना

लायसन्स मूळ किंवा डिजीलॉकरमध्ये बघा. ते कारचं आहे ना, मुदत संपली नाही ना, हे तपासा. विनालायसन्स माणसाला गाडी चालवू दिली तर मालकालाही ५,००० रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. चालवणार कोण, हे नावानिशी लिहून घ्या. "मुलगा नेईल" म्हणाले तर मुलाचं लायसन्स बघा.

गिऱ्हाइकासोबत गाडीभोवती फिरून मोबाइलवर व्हिडिओ काढा. किलोमीटर आणि पेट्रोलच्या काट्याचा फोटो घ्या. मग दोन मिनिटं गाडी समजावून सांगा. मारुतीत रिव्हर्स उजवीकडे खाली पडतो, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्यांत गिअरच्या दांड्यावरची कॉलर उचलून डावीकडे वर. सवय नसलेल्या माणसाची पहिली ठोकर पार्किंगमधून निघतानाच होते. हद्दही ठरवून द्या. शहर, कामठी, हिंगणा, बुटीबोरी ठीक. समृद्धी महामार्गावर मात्र नाही. कारला १२० ची मर्यादा असलेला तो रस्ता, उन्हात तापलेला काँक्रीट आणि जुने टायर हे एकत्र येऊ देऊ नका.

गाडी गेल्याची आणि आल्याची तारीख-वेळ रजिस्टरमध्ये लिहा आणि सही घ्या. सिग्नल तोडल्याचं ई-चलान नंतर मालकाच्याच मोबाइलवर येतं, आणि त्या वेळी गाडी कोणाकडे होती हे त्या ओळीवरूनच कळतं.