गोगलगायीला स्वतःचा स्वभाव असतो का, हे घरी कसं तपासायचं

व्यक्ती तितक्या प्रकृती हे माणसांच्या बाबतीत सगळ्यांना पटतं, कुत्र्या-मांजरांच्या बाबतीतही पटतं, पण कोळी, झुरळ, गोगलगाय म्हटलं की आपण सगळ्यांना एकाच मापात मोजतो. गोगलगायीला तर 'गोगलगाय नि पोटात पाय' म्हणून एकच स्वभाव देऊन टाकलाय, तोही सगळ्या जातीला मिळून. प्रत्येकीचा वेगळा असू शकतो का हे तपासायला लॅब लागत नाही. मोबाईलचा स्टॉपवॉच, चित्रकलेचा मऊ ब्रश, एक वही, दहा गोगलगायी आणि साधारण दोन आठवडे एवढं पुरतं. मी हे केलंय आणि मनापासून सांगते, प्रत्येकाने एकदा तरी करून बघावं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसू दे. आज एक गोगलगाय दहा सेकंदात शंखातून बाहेर आली आणि दुसरीला दोन मिनिटं लागली, तर तो स्वभाव म्हणता येत नाही. दुसरी सुकलेली असेल, उपाशी असेल, आजारी असेल, किंवा तिला स्पर्शच जरा जोरात झाला असेल. तोच जीव, तीच परिस्थिती, वेगवेगळे दिवस, आणि तरीही तो त्याच्या त्याच्या पद्धतीनेच वागला तर मग स्वभावाची गोष्ट सुरू होते. अभ्यासक हा सारखेपणा ० ते १ अशा आकड्यात मोजतात. २००९ मध्ये कितीतरी प्राण्यांवरचे असे अभ्यास एकत्र करून बघितले तेव्हा सरासरी ०.३७ आली, म्हणजे वागण्यात जो फरक दिसतो त्यातला एक तृतीयांशाहून थोडा जास्त भाग 'हा जीव कोण आहे' यामुळे, आणि बाकीचा त्या दिवसाच्या परिस्थितीमुळे. त्यामुळे घड्याळासारखी अचूकता कुणाकडूनच अपेक्षित धरू नका, माणसाकडूनही नाही.

ब्रशची कल्पना तशी जुनी आहे. १९९३ मध्ये जेनिफर मॅथर आणि रोलंड अँडरसन या अभ्यासकांनी ४४ ऑक्टोपसांवर काम प्रसिद्ध केलं. त्यात प्रत्येक ऑक्टोपसला तीन प्रसंगांतून नेलं होतं, टाकीचं झाकण उघडून डोकावणं, ब्रशने स्पर्श करणं आणि खायला खेकडा देणं. कोण काय करतो ते पुन्हा पुन्हा नोंदवलं आणि त्यातून कोण किती सक्रिय, कोण चटकन प्रतिक्रिया देणारा, कोण टाळणारा असे फरक निघाले. आपण यातला ब्रशवाला भाग घेऊ.

गोगलगायी एकाच जातीच्या आणि साधारण एकाच आकाराच्या गोळा करा, नाहीतर शेवटी तुम्ही वयातला फरक मोजत बसाल. हातात ग्लोव्हज घालाच आणि नंतर साबणाने हात धुवा, कारण काही गोगलगायींमध्ये माणसाला घातक ठरणारे जंत असतात, लहान मुलं सोबत असतील तर यात अजिबात ढिलाई नको. हवेची भोकं असलेला डबा, तळाला ओलसर माती, वर पानं. प्रत्येकीच्या शंखावर माथ्याकडे नेलपॉलिशचा बारीक ठिपका किंवा नंबर काढा. शंखाच्या कडेला लावू नका, तिथे शंख वाढत असतो, आणि पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात सोडू नका. मग दोन दिवस त्यांना हात लावायचा नाही, जागेची सवय होऊ दे.

चाचणीच्या दिवशी रोज तीच वेळ ठेवा, संध्याकाळ उत्तम. सगळ्यांवर पाण्याचा हलका फवारा मारा, जागी झाली की एकेकीला सपाट काचेवर किंवा ताटलीत ठेवा आणि ती नीट चालायला लागेपर्यंत थांबा. ओल्या ब्रशने डोक्याजवळ, शिंगांच्या मधोमध एकदाच हलका स्पर्श करायचा. ती आत जाते तिथे स्टॉपवॉच सुरू.

आता डोळे जवळ नेऊन बघा. वरची दोन लांब शिंगं बाहेर येताना उलटी केलेली बाही सुलटी करावी तशी आतून उलगडत येतात, आणि प्रत्येकाच्या आतून एक काळा ठिपका वर सरकताना दिसतो. तो तिचा डोळा. दोन्ही ठिपके टोकाला पोचले की स्टॉपवॉच बंद. 'बाहेर आली' म्हणजे नक्की काय हे असं ठरवलेलं नसेल तर सोमवारी तुम्ही एक मोजाल आणि बुधवारी भलतंच. पाच मिनिटांत आली नाही तर ३०० सेकंद लिहा आणि तिला सोडून द्या. एक दिवसाआड अशा सहा चाचण्या करा.

मला पहिल्या आठवड्यात काहीच दिसलं नव्हतं, नुसते आकडे. पण पाचव्या चाचणीपर्यंत एक अशी होती की स्पर्श झाल्यावर ती पूर्ण आत जायचीच नाही, एक शिंग अर्धं आत ओढायची, थांबायची आणि लगेच पुढे निघायची, आणि शेजारच्या डब्यातली एक दर वेळी इतकी खोल जायची की नुसता फेस दिसायचा. तेव्हा वाटलं की हे लिहून ठेवायला हवं होतं, फक्त सेकंद नाही. म्हणून वहीत एक रकाना 'काय केलं' असा ठेवाच.

चुका कुठे होतात ते नीट वाचा, कारण सगळा खेळ इथेच आहे. रोज त्याच क्रमाने चाचणी घेतली तर शेवटची नेहमी जास्त सुकलेली असते आणि तुम्ही तिला भित्री ठरवता, म्हणून रोज चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा. तापमान लिहा, या जीवांचं शरीर बाहेरच्या तापमानावर चालतं, गार दिवशी सगळ्याच मंद होतात. सरावाने बऱ्याचजणी हळूहळू लवकर बाहेर यायला लागतात, त्यामुळे सेकंदांपेक्षा त्या दिवशी दहांत तिचा नंबर कितवा लागला याला जास्त महत्त्व द्या. आणि सगळ्यात मोठी चूक आपल्या मनात असते. एकदा का 'ही धीट' असं ठरलं की बोट स्टॉपवॉचवर आपोआप लवकर पडतं, म्हणून जमल्यास वेळ मोजणाऱ्याला नंबर दिसू देऊ नका, ठिपका पलीकडच्या बाजूला राहील असं दुसऱ्याने ठेवावं.

नोंदींच्या बाबतीत मी फार कडक आहे आणि त्याला कारण आहे. याच विषयात, समूहाने राहणाऱ्या कोळ्यांच्या स्वभावावरचे बरेच गाजलेले शोधनिबंध २०२० पासून मागे घ्यावे लागले, कारण मूळ आकड्यांवर विश्वास ठेवता येईना. त्यावर पुढचं काम उभं करणाऱ्या इतरांची वर्षंच्या वर्षं त्यात गेली. तुमची वही कुणी छापणार नसली तरी खाडाखोड न करता लिहा, चुकलेली चाचणीही 'चुकली' म्हणून तशीच ठेवा.

आता हिशोब. पहिल्या तीन चाचण्यांतल्या क्रमांकांची सरासरी एका रकान्यात, नंतरच्या तिन्हींची दुसऱ्या रकान्यात. प्रत्येकीच्या दोन सरासरींमधला फरक काढा, उणे चिन्ह सोडून द्या, आणि सगळ्या फरकांची बेरीज करा. बेरीज जितकी लहान तितक्या त्या आपापल्या जागेवर टिकून राहिल्या. पण लहान म्हणजे किती? त्यासाठी दुसऱ्या रकान्यातले आकडे चिठ्ठ्यांवर लिहा, पिसा, कुणाहीसमोर कुठलाही आकडा ठेवा आणि पुन्हा बेरीज काढा, असं १०० वेळा. कंटाळवाणं आहे, स्प्रेडशीट येत असेल तर तिथे करा. नुसत्या पिसण्याने तुमच्याइतकी लहान बेरीज १०० पैकी पाचपेक्षा कमी वेळा आली तर योगायोग म्हणून सोडून देण्यासारखं हे नाही.

कोळ्यांवर करायचं असेल तर ठिपका लावायची गरज नाही, जाळ्याची जागा हीच ओळख, फक्त कोळी जागा बदलतात त्यामुळे आकार आणि नक्षी दोन्ही लिहून ठेवा. तोंडाने फुंकू नका, आपला श्वास गरम आणि दमट असतो. कॅमेरा साफ करायचा रबरी फुगा घ्या, ठरावीक अंतरावरून एकदाच दाबा, कोळी पाय आखडून गोळा होतो किंवा पळून कोपऱ्यात बसतो, पुन्हा हालचाल कधी करतो ते मोजा. दिवसातून एकदाच. कात टाकायच्या बेतात असलेला कोळी वगळा, त्या दिवसांत तो वेगळाच वागतो.

स्वभावातल्या या फरकांत जनुकांचाच सगळा भाग असेल असं वाटतं ना, मलाही वाटायचं. पण मावा कीड नराशिवाय पिल्लं घालते, एका मादीची सगळी पिल्लं जनुकांनी अगदी सारखी, आणि तरीही धोका जाणवल्यावर त्यातली काही दर वेळी पानावरून खाली उडी टाकतात आणि काही दर वेळी पानाला चिकटून राहतात, हे २०११ मध्ये दाखवलं गेलंय. फळमाश्यांमध्ये २०२० साली त्याचं एक कारणही सापडलं. मेंदूतल्या बघण्याशी संबंधित काही चेतापेशींची डावी-उजवी जोडणी प्रत्येक माशीत वाढताना थोडी वेगळी होते, आणि ती जितकी असमान तितकी ती माशी समोरच्या वस्तूकडे जास्त सरळ चालत जाते.

काम झालं की गोगलगायी जिथून आणल्या तिथेच सोडा, दुसऱ्या बागेत नको, काही जाती पिकांना फार नुकसान करतात. ठिपका खरवडून काढायच्या भानगडीत पडू नका. पुढच्या पावसात ठिपकेवाली एखादी दिसली तर लगेच ब्रश आणि स्टॉपवॉच घेऊन बसा, इतक्या दिवसांच्या अंतराने मिळालेली एक चाचणी आठवडाभराच्या तीन चाचण्यांपेक्षा मोलाची असते.